सुखाची सोय



वाचनालयाच्या या व्याख्यानमालेत कालचं पुष्प अर्थव्यवस्थेवर गुंफलं गेलं, उद्याचं कृत्रिम बुद्धिमत्तेवर गुंफलं जाणार आहे. मधल्या दिवशी मी सिनेमा, पुस्तकं, प्रवास आणि उसाचा रस असले विषय घेऊन उभा आहे. निमंत्रणपत्रिकेत उसाचा रस गाळलेला दिसतो. कार्यवाहांना तो व्याख्यानमालेच्या इतमामाला शोभणारा वाटला नसावा. मी तो तोंडी परत घालतो, कारण माझं म्हणणं त्याच्याशिवाय पुरं होत नाही.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते गुरुजी दिवसा शाळेत शिकवत आणि संध्याकाळी हे वाचनालय सांभाळत. अशा माणसाबद्दल ‘त्यांनी आम्हाला वाचनाची गोडी लावली’ असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. माझ्या आठवणीतले गुरुजी गोडी लावणाऱ्यांतले नव्हते. पुस्तकांबद्दल ते चकार शब्द बोलत नसत. ‘गुरुजी, कुठलं घेऊ?’ असं विचारलं, तर म्हणत, ‘कपाट उघडं आहे.’ पुस्तक उशिरा नेलं तर दंड घेत आणि त्याची पावतीही फाडून देत. पाऊस असो, गावची जत्रा असो, घरात कार्य असो, रोज येऊन कुलूप काढत, टेबलावर वर्तमानपत्रं मांडत आणि रजिस्टर उघडून बसत. गोडी आमची आम्हाला लागली. ती लागायला जे दार उघडं असावं लागतं, ते त्यांनी उघडं ठेवलं.

आज मला एवढंच सांगायचं आहे. आवड ही आपण अगदी खासगी गोष्ट मानतो. मला अमुक सिनेमा आवडतो, तमुक लेखक आवडतो, प्रवासात खिडकीची जागा लागते. जणू हे सगळं घेऊनच आपण जन्माला आलो. माझ्या मते आवडीचा निम्मा भाग सार्वजनिक असतो. कुणीतरी दर ठरवतं, वेळ ठरवतं, परवाना देतं, अनुदान मंजूर करतं किंवा अडवतं, आणि मग तुमची-माझी आवड आकाराला येते. सुखाविषयी बोलायचं म्हटलं की आपल्याकडचा वक्ता पटकन मनाच्या आत शिरतो आणि समाधान घेऊन बाहेर येतो. मी बँकेत नोकरी केलेला माणूस. मला सुखातसुद्धा आधी रजिस्टर दिसतं.

तर आधी हेच रजिस्टर, वाचनालयाचं. महाराष्ट्रात सार्वजनिक वाचनालयांची परंपरा फार जुनी आहे. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४०चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५०चं. विशेष म्हणजे मराठीतली पहिली कादंबरी मानली जाते ती बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली आली. म्हणजे या वाचनालयांची कपाटं मराठी कादंबरीच्या आधीची आहेत. जागा आधी झाली, जिच्यासाठी पुढे लोकांनी रांगा लावल्या ती कादंबरी नंतर आली. हा क्रम मला फार बोलका वाटतो.

कायदा मात्र उशिरा झाला. कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली स्वतःचा ग्रंथालय कायदा केला, मद्रास प्रांताने १९४८ साली. मद्रासच्या कायद्यात घरपट्टीबरोबर ग्रंथालयासाठी उपकर घ्यायची सोय होती. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७चा. त्यात असा उपकर नाही. आपल्याकडे संस्था गावकऱ्यांनी काढायची, सरकारने तिला मान्यता द्यायची, अ, ब, क, ड असा वर्ग द्यायचा आणि वर्गाप्रमाणे अनुदान. संस्था लोकांची, अनुदान सरकारचं आणि भांडणं दोघांची. या पद्धतीवर तज्ज्ञांची टीका आहे आणि ती बरीचशी खरी आहे. ‘ड’ वर्गातल्या ग्रंथपालाच्या हातात महिन्याकाठी काय पडतं, हे इथे व्यासपीठावर बसलेल्यांना माहीत आहे, म्हणून आकडा सांगून त्यांना अवघडवत नाही. पण या पद्धतीने एक गोष्ट दिली. गावाला वाटू लागलं की हे वाचनालय आपलं आहे, आणि म्हणून त्याच्या वार्षिक सभेत उभं राहून आवाज चढवायचा आपल्याला हक्क आहे.

दिवाळी अंकांची योजना हा त्या हक्काचा सगळ्यात रसरशीत भाग. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठी माणसाच्या फराळाला वाचनाची जोड मिळाली. शे-दीडशे अंक घरी विकत आणणं कुणालाच परवडत नाही. मग वाचनालय एक ठरावीक वर्गणी घेतं आणि अंक आळीपाळीने सगळ्यांच्या घरी फिरतात. वाचतो आपण एकेकटेच. पण ‘मौज’ सध्या कुणाकडे अडकला आहे, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक असतं. अंक हातात येतो तेव्हा त्यावर आधीच्या घरच्या चकलीचं तेल असतं, शब्दकोडं कुणीतरी पेनाने अर्धवट सोडवलेलं असतं, आणि कवितेच्या पानावर कुणाच्या तरी दुधाचा हिशेब असतो. आमच्या घरी अंक येईपर्यंत शिमगा उलटून जायचा, त्यामुळे वार्षिक राशिभविष्य ताडून बघायची सोय होती. आजोबा पेन्सिल घेऊन बसत आणि ज्योतिषाला मार्क देत. पासापुरतेसुद्धा क्वचितच पडायचे.

आता प्रवासाकडे वळतो. ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाली त्याच १८५७ साली रायगड जिल्ह्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे उत्तरेकडे निघाले. घरावर कर्ज होतं. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत, तिथे दक्षिणा मिळेल, ही आशा. वाटेत बंडाचा वणवा पेटला. झाशीच्या वेढ्यात ते सापडले, लुटले गेले, उपाशी राहिले, आणि शेवटी गंगेचं पाणी घेऊन घरी परतले. हकिकत त्यांनी फार उशिरा, १८८३च्या सुमारास लिहून काढली. ती १९०७ साली चिंतामण विनायक वैद्यांनी छापली, बरीच काटछाट करून. मूळ पोथीला धरून पुस्तक आलं ते दत्तो वामन पोतदारांच्या हातून, १९६६ साली.

त्यांचा हा ‘माझा प्रवास’ पुन्हा पुन्हा वाचताना मला सारखं एक जाणवतं. या माणसाला बघण्याची, ऐकण्याची, खाण्याची विलक्षण हौस आहे. वाड्यांची रचना, घाट, जेवणावळी, माणसांचे पोशाख, सगळं तो टिपतो. झाशीतल्या ग्रंथसंग्रहाची लुटीत झालेली दैना सांगताना तर त्याला स्वतःच्या हालांपेक्षा जास्त वाईट वाटलेलं दिसतं. पण नुसत्या हौसेपायी निघतो, असं म्हणायची त्याला सोय नव्हती. कर्ज, यज्ञ, दक्षिणा, गंगास्नान असं सबळ कारण पुढे करूनच घराचा उंबरठा ओलांडता येत होता. बायकांना तर तेवढंही नाही. माहेरपण, बाळंतपण, वारी आणि मयत, एवढ्या चार कारणांवर कित्येक पिढ्यांनी आपलं सगळं फिरणं भागवलं.

हे कारणांचं ओझं कुणी हलकं केलं असेल, तर ते एसटीने. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली गाडी धावली. पुढे ‘गाव तिथे एसटी’ आली, आणि तिच्याबरोबर एक अशी गोष्ट आली की जिच्यावर मराठीत अजून एखादी चांगली कादंबरी यायला हवी होती: मुक्कामी गाडी. इथल्या तरुण मंडळींसाठी सांगतो. शेवटची गाडी रात्री आडगावी पोचते आणि तिथेच थांबते. ड्रायव्हर-कंडक्टर देवळात, शाळेत नाहीतर ग्रामपंचायतीच्या खोलीत झोपतात, आणि पहाटे तीच गाडी गावकऱ्यांना घेऊन तालुक्याला निघते. महामंडळाच्या दृष्टीने हिशेब सरळ आहे. रात्री रिकामी गाडी परत न्यायची नाही आणि सकाळी रिकामी पाठवायची नाही, डिझेल वाचतं. पण या डिझेलच्या हिशेबातून काय काय निपजलं! कॉलेजला जाणारी मुलगी पहाटे निघून संध्याकाळी घरी परत येऊ शकली, म्हणून तिला कॉलेजला पाठवलं गेलं. आजचं वर्तमानपत्र आजच वाचायला मिळालं. तालुक्याला दुपारच्या खेळाला जाऊन आलेला माणूस रात्री पारावर बसून अख्खा सिनेमा, मारामारीच्या आवाजांसकट, सांगू शकला. बँकेने माझ्या जिथे जिथे बदल्या केल्या, तिथे मुक्कामी गाडीच्या ड्रायव्हरला रात्रीची भाकरी कोण देतं, हे मी आधी विचारून घ्यायचो. त्या घराशी ओळख झाली की गावाची निम्मी ओळख व्हायची.

महामंडळाच्या एका योजनेवर माझं प्रेम आहे ते तिच्या नावासाठी: ‘आवडेल तेथे प्रवास’. चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा पास काढायचा आणि वाटेल त्या गाडीत बसायचं. सरकारी कागदावर ‘आवडेल तेथे’ हे दोन शब्द छापले गेले, याचं मला अजून नवल वाटतं. तिथे सहसा ‘आवश्यक तेथे’ असतं. हा पास काढून मी नकाशात न बघता फिरलो आहे. स्थानकावर जायचं, फलाटावर जी पाटी आवडेल त्या गाडीत चढायचं. मंगळवेढा आवडलं, कारण नाव ऐकायला छान होतं. सिरोंच्याला पोचलो तेव्हा समोर नदी आणि पलीकडे तेलंगणा, म्हणजे आवडीची हद्द तिथे संपत होती.

मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं. त्याआधी, २०२२ साली, पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत झाला होता. त्यावरची चर्चा आपण ऐकली आहे: तिजोरीवर भार, मतांचं राजकारण, फुकटची सवय. तिजोरीचं गणित मला कळतं, ते सोपं नाही, आणि महामंडळाची थकबाकी सवलतींनी आपोआप फिटत नाही. पण मी त्यानंतरच्या गाड्यांत बसलो आहे. जोतिबाला, तुळजापूरला, पंढरपूरला निघालेल्या बायका, पाच-पाच, सात-सातच्या टोळीने. डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. एकीला मी विचारलं, ‘मावशी, नवस होता का काही?’ ती म्हणाली, ‘नवस कसला, गाडी होती.’

विष्णुभटांना यज्ञ लागला होता. या मावशींना गाडी पुरली. मधल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत आपण काय कमावलं, असं कुणी विचारलं तर मी इतर गोष्टींच्या बरोबरीने हेही सांगेन. लोक कुरकुरतात की या बायका उगाच फिरतात. उगाच फिरणं हा आजवर पुरुषांचा मक्ता होता आणि त्याला आपण प्रवासवर्णन म्हणत आलो.

एसटी स्थानकाच्या फाटकापाशी येतो गाळलेला विषय. रसवंतीगृह. चरकाच्या चाकाला बांधलेली घुंगरं, ओल्या चिपाडांचा वास, बाकावर ठेवलेला पाण्याचा जग, आणि ‘दोन फुल, एक हाफ, बिनबर्फाचा’ अशी आरोळी. पाटीवर बहुतेक वेळा कानिफनाथ किंवा नवनाथ. पुरंदर तालुक्यात बोपगावजवळ डोंगरावर कानिफनाथांचं ठाणं आहे. त्या भागातली कोरडवाहू शेतीची माणसं या धंद्यात पडली आणि जिथे गेली तिथे देवाचं नाव पाटीवर घेऊन गेली, असं तिकडचे लोक सांगतात. गाडी का थांबते? डिझेल, चहा, लघुशंका आणि कंट्रोलरची सही, म्हणून. पण ती पंधरा मिनिटं थांबते म्हणून फाटकाबाहेर एक धंदा उभा राहतो, त्या धंद्यावर पुरंदरचं एक घर चालतं, आणि माझ्या आयुष्यातला एक मोठा आनंद दहा-वीस रुपयांत उरकतो. आलं-लिंबू घातलेला रस मी कितीतरी चांगल्या ठिकाणी काचेच्या उंच ग्लासातून प्यायलो आहे. तिथे गाडी सुटायची भीती नसते, म्हणून तो लागत नाही.

कंडक्टरने बेल मारली की अर्धा ग्लास घशात ओतून धावत सुटायचं, यात जी गंमत आहे, तिची जातकुळी तंबूतल्या सिनेमाशी जुळते. माझ्या लहानपणी जत्रेला तंबू यायचे. दुपारभर जीपवरून कर्ण्याने पुकारा: आज रात्रौ, सामाजिक, कौटुंबिक, हाणामारीने ओतप्रोत. एकाच सिनेमाला तिन्ही विशेषणं. कापडाच्या तंबूत उजेड शिरतो, म्हणून अंधार पडल्याशिवाय खेळ सुरू करता येत नसे. पण खरा वाट बघायचा विषय होता ‘पेटी’. फिल्मची रिळं पत्र्याच्या पेटीतून यायची. पेटी आली की नाही, यावर सगळ्या जत्रेचं लक्ष.

पक्क्या थिएटरात दोन यंत्रं असतात. एकावरचं रीळ संपत आलं की ऑपरेटर दुसरं सुरू करतो, आणि आपल्याला सांधा कळत नाही. तंबूत बहुधा एकच यंत्र. पस्तीस मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ चौकटी या वेगाने मिनिटाला ९० फूट पळते. दोन हजार फुटांचं रीळ बावीस मिनिटांत संपतं. म्हणजे तीन तासांच्या सिनेमात रीळ बदलायला सात-आठ वेळा दिवे लागणार. आमच्या दृष्टीने सिनेमाला एक मध्यंतर नसे, सात असत. दिवे लागले की भाजलेल्या शेंगा विकणारा आत यायचा, बायकांच्या बाजूने लहान मुलं बापांकडे धावायची, आणि आत्ता जे पाहिलं त्यावर चर्चा सुरू व्हायची. सासूला शिक्षा व्हावी की तिने पाय धरावेत, यावर मतं पडायची. पुढच्या बावीस मिनिटांत निकाल लागायचा. पुढे फिल्म सोसायटीत जागतिक सिनेमा पाहिला, नंतरच्या चर्चाही ऐकल्या. इतक्या तातडीची समीक्षा कुठे ऐकायला मिळाली नाही.

या तंबूंचे अखेरचे दिवस शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटात टिपून ठेवले आहेत. तो २०१६ साली कान महोत्सवात दाखवला गेला. आपल्याच जत्रांमधला, आपल्याच ट्रकांवरचा. मिळाला तर जरूर बघा.

थिएटरांची गोष्टही वेळेची आणि दराची आहे. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६चा. दामले आणि फत्तेलाल यांचं दिग्दर्शन, विष्णुपंत पागनीस तुकाराम. व्हेनिसला त्याचा गौरव झाला, हे आपण अभिमानाने सांगतो. मुंबईत तो वर्षाहून अधिक काळ एका थिएटरात चालला, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ १९५९चा. पुण्याच्या विजयानंदमध्ये तो सव्वाशेच्या वर आठवडे होता. एखादा सिनेमा अडीच वर्षं एका जागी उभा राहतो, तेव्हा त्याला फक्त शहरातला प्रेक्षक पुरत नाही. माझा अंदाज असा, की पुण्याला कोर्टकचेरीला, दवाखान्याला, माल घेऊन मंडईत आलेला माणूस काम आटोपल्यावर रात्रीच्या गाडीपर्यंतचा वेळ तिथे काढत होता. आज गेला नाही तर पुढच्या महिन्यात जाता येत होतं. आता सिनेमाला शुक्रवार ते रविवार एवढंच आयुष्य. सोमवारी सवड मिळणाऱ्या माणसासाठी सिनेमा उरतच नाही.

सरकारने यात हात घातला नाही असं नाही. एप्रिल २०१५ मध्ये मल्टिप्लेक्सनी मराठी चित्रपट प्राइम टाइममध्ये दाखवावा असं ठरलं. आधी संध्याकाळी सहा ते नऊ ही वेळ जाहीर झाली. ओरड झाली, बैठका झाल्या, आणि मग प्राइम टाइम दुपारी बारा ते रात्री नऊ असा लांबवला गेला. नऊ तासांचा प्राइम टाइम! दुपारी बाराला मराठी माणूस नोकरीवर असतो, शेतावर असतो किंवा जेवून आडवा झालेला असतो. म्हणजे सिनेमा लागला आणि बघायची सोय मात्र राहिली नाही. दराचंही तसंच. १९२३च्या करमणूक शुल्काच्या कायद्यापासून सिनेमाच्या तिकिटावर सरकारचं लक्ष आहेच. २०१७ साली जीएसटी आला आणि शंभर रुपयांवर रेघ ओढली गेली. तिकीट त्याच्या आत असेल तर कर कमी, वर गेलं तर जास्त. मोठ्या शहरात शंभराच्या आतलं तिकीट शोधून काढणाऱ्याचा या वाचनालयाने सत्कार करावा. नारळ मी देतो.

तुम्ही म्हणाल, आता कोण थिएटरला जातं? सगळं फोनवर आहे. आहे, आणि मीही बघतो. सत्तरीनंतर गुडघे दुखत असताना घरबसल्या ‘संत तुकाराम’ बघायला मिळतो, याला नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. गावाकडच्या सुनेला रात्री सगळे झोपल्यावर कानात बोळे घालून तिच्या आवडीचं काही बघता येतं, हे तर फारच चांगलं झालं. माझी अडचण दुसरीच आहे. तिथेही कुणीतरी रजिस्टर ठेवतंच. मी काय बघितलं, कुठे थांबलो, काय अर्धवट सोडलं, याची गुरुजींपेक्षा शंभरपट बारीक नोंद होते. परवा पाहून ठेवलेला सिनेमा आज यादीतून नाहीसा होतो. का गेला, कुणी काढला, परत कधी येणार, हे विचारायला त्याची वार्षिक सर्वसाधारण सभा कुठे भरते ते मला माहीत नाही. इथे कसं, ‘मागच्या वर्षी इतक्या चरित्रग्रंथांची खरेदी कशाला केली, रहस्यकथा का नाहीत?’ असं विचारता येतं. उत्तर धड मिळत नाही, पण इतिवृत्तात प्रश्न लिहिला जातो.

काय वाचता याची चौकशी न करणारी जागाही मी पाहिली आहे. भिलारला गेलो होतो, पाचगणीजवळ. मे २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव झालं. कल्पना ब्रिटनमधल्या हे-ऑन-वाय या गावावरून सुचली, पण तिथे पुस्तकं विकायला असतात, भिलारला घराघरांतून नुसती वाचायला ठेवली आहेत. स्ट्रॉबेरीचं गाव. एका ओसरीवर मी तासभर बसलो. घरातल्या काकूंनी आधी पाणी दिलं, मग चहा, मग ‘उन्हातून आत सरकून बसा’ म्हणाल्या. पुस्तक कोणतं वाचता, हे काही विचारलं नाही. पर्यटकांची गर्दी फोटोंसाठी जास्त असते ही तक्रार खरी आहे. तरीही अनोळखी माणसाने आपल्या ओसरीवर येऊन वाचत बसावं, ही गोष्ट त्या गावाने नेहमीच्या व्यवहारातली करून टाकली आहे, याचं मोल मला फोटोंपेक्षा मोठं वाटतं.

शेवटी ग्रंथालयशास्त्राचे आचार्य शियाळी रामामृत रंगनाथन यांच्याकडे वळतो. त्यांची ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं १९३१ साली प्रसिद्ध झाली. पहिलं सूत्र ग्रंथ हे वापरण्यासाठी आहेत, एवढंच सांगतं. ऐकायला साधं. पण त्याचं विवरण करताना रंगनाथन ज्ञानाच्या महतीवर पानं खर्ची घालत नाहीत. ते ग्रंथालयाची जागा कुठे असावी, ते किती वाजता उघडावं, खुर्च्या-टेबलं कशी असावीत, कर्मचारी कसे असावेत, याबद्दल बोलतात. मोठा माणूस. मी आत्तापर्यंत जे घोळवून सांगितलं ते त्यांनी फर्निचरपर्यंत नेऊन ठेवलं.

म्हणून त्यांच्याच आधाराने एक सूचना करतो, आणि ती इतिवृत्तात यावी अशी विनंती आहे. आपलं वाचनालय संध्याकाळी साडेसातला बंद होतं. पुण्याहून येणारी गाडी स्थानकावर लागते पावणेआठला. तिच्यातून एमआयडीसीतले कामगार उतरतात, कॉलेजची मुलं उतरतात, नर्सिंगची ड्युटी संपवून आलेल्या मुली उतरतात. स्थानक इथून हाकेच्या अंतरावर आहे. वाचनालयाची वेळ एका तासाने पुढे सरकवली तर विजेचं बिल किती वाढेल, हे मी खजिनदारांबरोबर बसून काढलं आहे; एका हारतुऱ्याच्या खर्चात ते भागतं. ग्रंथपालांना त्या तासाचा मोबदला मात्र द्यावा लागेल, आणि तो वेळच्या वेळी द्यावा लागेल. माझ्या आजच्या मानधनाचं पाकीट मी त्या खात्यात जमा करायला सांगितलं आहे. पुढचं कार्यकारिणीने बघावं.